‘अध्ययन निष्पत्तीवर आधारित’ छापलंय म्हणून घ्यायचं का? शाळेचं साहित्य निवडायचं कसं आणि वापरायचं कसं

जून उजाडला की शाळेत दोन प्रकारची माणसं येतात. एक म्हणजे पहिलीला पोराचं नाव टाकायला आलेले आईबाप आणि दुसरे म्हणजे पिशवीभर नमुना प्रती घेऊन आलेले प्रकाशनवाले. धुळं असो, जळगाव असो नाहीतर शहादा, पिशवीतला माल सारखाच असतो. स्वाध्यायपुस्तिका, सराव वह्या, फ्लॅशकार्ड, तक्ते, पेनड्राइव्ह, आणि सगळ्यांच्या मुखपृष्ठावर ठळक अक्षरात ‘अध्ययन निष्पत्तीवर आधारित’ नाहीतर ‘नवीन शैक्षणिक धोरणानुसार’ नाहीतर ‘निपुण’. हे शब्द छापायला शाईशिवाय काही लागत नाही भो. मग मुख्याध्यापक विचारतात कोणतं घेऊ, आपण कागद चोळून बघतो, चित्रं रंगीत आहेत का बघतो, किंमत बघतो आणि शेजारच्या शाळेनं काय घेतलं ते विचारतो. शाळा व्यवस्थापन समितीतले पालक तर बिचारे गप्पच बसतात, त्यांना वाटतं हे आपल्याला कळायचं काम नाही. पण हे कळायला डीएड लागत नाही. दहा-पंधरा मिनिटं आणि एक पेन्सिल पुरते.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करून घेऊ, कारण बोलताना आपण तिन्हींना ‘पोर्शन’ म्हणून मोकळे होतो. अभ्यासक्रम म्हणजे कोणत्या इयत्तेत काय आणि कशासाठी शिकवायचं याचा आराखडा. अध्ययन निष्पत्ती म्हणजे वर्ष संपताना पोराला काय करता यायला पाहिजे त्याची यादी. आणि पाठ्यपुस्तक म्हणजे तिथपर्यंत पोचवायचं एक साधन. बालभारती १९६७ पासून पुण्यातून पुस्तकं काढतेय, आपण सगळे त्याच पुस्तकांवर शिकलो, त्यामुळे पुस्तक म्हणजेच अभ्यासक्रम हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की शेवटचा धडा झाला की शिकवून झालं असंच वाटतं.

निष्पत्तींची यादी एनसीईआरटीनं, म्हणजे शालेय शिक्षणाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेनं, २०१७ साली पहिली ते आठवीसाठी काढली आणि त्याच वर्षी शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांमध्ये तिला जागा मिळाली. मराठीत ती बालभारतीच्या पुस्तकातच सुरुवातीच्या पानांवर छापलेली असते, बारीक टाइपात, आकड्यांसकट. ०५.७१.०१ असं काहीतरी दिसतं ना, त्यात पहिले दोन आकडे इयत्तेचे, मधले विषयाचे, ७१ म्हणजे गणित, ७२ म्हणजे विज्ञान, आणि शेवटचे अनुक्रमांकाचे. एवढंच. साहेब शाळेला भेट द्यायला येणार असले की ते पान उघडलं जातं, एरवी कव्हर घालताना चिकटून जातं. लहान वर्गांचं वाचन आणि आकडेमोड पक्की व्हावी म्हणून ५ जुलै २०२१ ला केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान सुरू झालं त्याची वेगळी लक्ष्यं आहेत, ती तर अगदी मोजता येण्यासारखी आहेत, पहिलीच्या शेवटी ९९ पर्यंत संख्या, दुसरीला ९९९, तिसरीला ९९९९, आणि तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून वाचता आले पाहिजेत. ‘अर्थ समजून’ हे दोन शब्द लोक सोयीनं गाळतात, ते जाऊ द्या.

एक सावधगिरी इथंच सांगून ठेवतो. राज्यात २०२५-२६ पासून पहिलीचा अभ्यासक्रम नवा आला आणि पुढच्या इयत्तांचा टप्प्याटप्प्यानं येतोय. त्यामुळे वही कोणत्या वर्षीच्या यादीवर बेतलीय ते आधी बघा. जुना माल नव्या कव्हरात घालून विकणं ही काही फक्त बियाणांच्या दुकानातली गोष्ट नाही.

आता मुख्य काम. अख्खं पुस्तक तपासायचा नाद करू नका, एकच निष्पत्ती उचला आणि तिचा पाठलाग करा. समजा चौथीचं गणित. तिथं अपूर्णांकाबद्दल साधारण असं म्हटलंय की मूल अर्धा, पाव, पाऊण हे भाग कागदाला घड्या घालून चित्रात ओळखेल आणि वस्तूंच्या समूहातसुद्धा ओळखेल. म्हणजे दोन गोष्टी आहेत बरं का, चित्रात आणि समूहात.

पहिली वही उघडा. अपूर्णांकाचं पान. त्यावर वर्तुळं आणि चौकोन, सगळे आधीच सारखे कापून ठेवलेले, काही भाग रंगवलेले, बाजूला रिकामी चौकट. पोरगं काय करतं? रंगवलेले भाग मोजून वर लिहितं, एकूण भाग मोजून खाली लिहितं. ३/४, झालं. अशी पानंच्या पानं दिली तरी सगळी बरोबर येतील, बाई खूश, पालक खूश, वहीवर लाल पेनानं ‘छान’. पण पोरानं केलं काय तर मोजलं, आणि मोजायला ते पहिलीतच शिकलंय. पाऊण म्हणजे काय हे त्याला कळलंय की नाही हे या पानावरून कुणालाच सांगता यायचं नाही.

दुसरी वही उघडा. तिच्यात चित्रं कमी आहेत. एक कोरा चौकोन देऊन सांगितलंय, याचे चार सारखे भाग कर, जमतील तितक्या वेगवेगळ्या पद्धतीनं. खाली एक चौकोन मुद्दाम वाकडातिकडा चार तुकड्यांत कापलेला आणि प्रश्न, रंगवलेला तुकडा पाव आहे का, नसेल तर का नाही. आणि मग बारा केळ्यांची एक फणी, त्यातली पाऊण फणी विकली तर किती केळी गेली? इथं वर्ग अडतो. जे पोरगं वर्तुळात झटक्यात ३/४ लिहीत होतं ते इथं बिनधास्त ‘तीन’ म्हणतं, कारण त्याच्या लेखी वरचा आकडा म्हणजे उत्तर. बाराचे चार सारखे वाटे करायचे, तीन-तीनचे, आणि त्यातले तीन वाटे उचलायचे म्हणजे नऊ, हे त्याला कुणी करायलाच लावलेलं नसतं. मग लगेच पुढचा प्रश्न, फणी सोळा केळ्यांची असली तर? बारा. पाऊण तीच, केळी वेगळी. रावेर-यावलकडच्या पोराला केळी काय शिकवायची, रोज डोळ्यासमोर घड उतरताना दिसतात, आणि दुकानात जाऊन पावशेर शेव आणणारं पोरगं पाव-पाऊण घरूनच घेऊन आलेलं असतं. चांगलं साहित्य त्या माहितीला हात घालतं, वाईट साहित्य तिला वर्गाबाहेर चपलांजवळ ठेवायला लावतं.

दोन्ही वह्यांच्या कव्हरवर शिक्का मात्र एकच. म्हणून मी म्हणतो की निष्पत्तीतलं क्रियापद पेन्सिलीनं अधोरेखित करा, मग वहीतल्या पानावर पोराला नेमकं काय करावं लागतंय ते बघा, आणि दोन्ही जुळतात का ते विचारा. यादी म्हणते ‘स्वतःचं मत मांडतो’ आणि पान म्हणतं ‘रिकाम्या जागा भरा’, तर नाही जुळत. यादी म्हणते ‘निरीक्षण करून नोंद करतो’ आणि परिसर अभ्यासाच्या वहीत तक्ता आधीच भरून छापलेला, पोरानं फक्त रंग भरायचा, तर नाही जुळत. विषय तोच आहे, धडा तोच आहे, काम मात्र वेगळं आहे, आणि पोरगं शिकतं ते त्याच्या हातून आणि डोक्यातून जे काम होतं त्याच्यावरच.

यानंतर बघायचा तो क्रम. हा जरा कटकटीचा भाग आहे कारण नमुना प्रत म्हणून चार-सहा पानांचं चकचकीत पत्रक देतात आणि क्रम कळायला अख्खं वर्षाचं पुस्तक हातात लागतं, तेव्हा पूर्ण प्रत मागा, देत नसतील तर तिथंच नमस्कार करा. पहिलीचं वाचनाचं साहित्य असेल तर मधलंच कोणतंही पान काढा आणि त्यातलं एक वाक्य घ्या. त्या वाक्यातली सगळी अक्षरं आणि स्वरचिन्हं त्या पानाच्या आधी शिकवून झालीयत का? बऱ्याच वेळा नसतात. क, म, ल आणि काना एवढंच झालेलं असतं आणि पुढच्या पानावर ‘क्षितिजावर सूर्य उगवला’. मग पोरगं वाचत नाही, पाठ करतं, बोट एकीकडे आणि तोंड भलतीकडे. पालकांना वाटतं वाचतोय. पुस्तक उलटं धरलं तरी तो वाचतो, तेव्हा कळतं.

क्रमाबरोबरच अजून एक, नवीन काही आणलं तर ते का आणलं हे शिकवणाऱ्याला नीट कळलंय का. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना, एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन दिलं म्हणून. त्या गणित समितीच्या अध्यक्ष गणितज्ञ मंगला नारळीकर होत्या आणि त्यांचं म्हणणं बिनबुडाचं अजिबात नव्हतं. पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतात आणि लिहिताना वीसचा दोन आधी लिहायचा, त्यामुळे पोरं ५२ लिहून बसतात, हे दुसरीला शिकवलेल्या कुणालाही विचारा. पण विधानसभेत टिंगल, व्हॉट्सॲपवर विनोद, आणि ज्यांनी ते शिकवायचं होतं त्यातल्या कितीतरी जणांना बातम्यांतूनच कळलं. माझ्या मते तिथं पुस्तक कमी आणि पुस्तकामागची बोलणी जास्त कमी पडली.

अमेरिकेत यावर एक वेगळी व्यवस्था उभी राहिलीय. एडरिपोर्ट्स नावाची एक ना-नफा संस्था २०१५ पासून शालेय साहित्याची परीक्षणं काढते आणि फुकट सगळ्यांना वाचायला ठेवते. तपासणारे बहुतेक शिक्षकच असतात, ते गट करून बसतात आणि एकेका मुद्द्याला साहित्यातला पुरावा दाखवायला लागतो, ‘मला आवडलं’ चालत नाही. हिरवा, पिवळा, लाल असा निकाल. त्यांची पद्धत मला आवडली ती प्रश्नांच्या क्रमामुळे. आधी बघतात की हे मानकांशी, म्हणजे त्यांच्याकडच्या निष्पत्तींच्या यादीशी, जुळतं का आणि पोराकडून खरंच तेवढं काम करून घेतं का, आणि तिथं नापास झालं तर वापरायला सोपं आहे का वगैरे पुढचं बघतच नाहीत. आपण बरोबर उलटं करतो, आधी मांडणी, आधी किंमत, आधी सोबत पेनड्राइव्ह फुकट आहे का. आपल्याकडे अशी संस्था हवी असं म्हणत बसण्यापेक्षा आपल्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत एक तास काढून तीन-चार शाळांच्या मास्तरांनी मिळून दोन वह्या अशा तपासल्या तरी पुष्कळ. तसंही तिथं चहा होतोच.

आता खान्देशचा खास मुद्दा, भाषेचा. पुस्तकातली मराठी आणि घरातली बोली यात आपल्याकडे बरंच अंतर आहे. अमळनेर-पारोळ्याकडं, धुळ्याकडं घरात अहिराणी, रावेर-यावलकडं लेवा गणबोली, सातपुड्यात वर चढलं की भिली, पावरी, नवापूरकडं मावची. केनियात केलेला एक अभ्यास आहे, २००९ साली प्रसिद्ध झाला, त्याच्या लेखकांपैकी मायकेल क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तिथं गावच्या शाळांना सरकारी पाठ्यपुस्तकं पुरवून बघितली, आणि सरासरी निकालात फरकच पडला नाही. फायदा झाला तो आधीच हुशार असलेल्या पोरांना. कारण पुस्तकं इंग्रजीत, आणि बहुतेक पोरांची ती तिसरी भाषा. पुस्तक यादीशी जुळत होतं, समोरच्या पोराशी जुळत नव्हतं.

धडगावच्या पाड्यावरच्या पहिलीतल्या पोरासमोर प्रमाण मराठीतलं कितीही उत्तम पुस्तक ठेवलं तरी तेच होणार. म्हणून साहित्य निवडताना बघायचं की त्यात आधी बोलायला जागा आहे का, मोठी चित्रं आहेत का ज्यावर पोरगं स्वतःच्या बोलीत बोलेल, मास्तर त्याचे शब्द फळ्यावर लिहील आणि मग पुस्तकातल्या शब्दांशी गाठ घालील. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही जमेल तिथं निदान पाचवीपर्यंत घरच्या नाहीतर स्थानिक भाषेत शिकवा असंच म्हटलंय. अहिराणी घरातलं पोर ‘शाळा’ला ‘शाया’ म्हणतं, वाचतानाही ‘ळ’ दिसला की ‘य’ म्हणतं. ते शब्द ओळखून, अर्थ समजून तसं म्हणत असेल तर ती वाचनाची चूक धरायची नाही, उच्चार हळूहळू येतो. तपासणीच्या तक्त्यात मात्र तिथं फुली बसते आणि पोरगं ‘अप्रगत’ होऊन बसतं. तक्ता तपासायला हवा की पोरगं, तुम्हीच सांगा.

निवडून झालं, आणलं, स्टॉक रजिस्टरला नोंद झाली. खरी गंमत इथून पुढं. गणित पेटी बहुतेक जिल्हा परिषद शाळांमध्ये असेल, मणीमाळ, दशकाचे दांडे, खेळण्यातल्या नोटा, सगळं आहे. कुठं आहे? कपाटात. हरवलं तर जबाबदारी कुणाची म्हणून कुलूप. खताची गोणी ओसरीत ठेवून कपाशी वाढत नाही हे आपल्याला कुणी सांगायला लागत नाही, शाळेत मात्र आपण तीच अपेक्षा करतो.

बिहारमध्ये ‘प्रथम’ संस्था आणि संशोधकांनी मिळून हे चक्क तपासून बघितलंय. काही शाळांना फक्त साहित्य दिलं, काहींना साहित्य आणि शिक्षकांना प्रशिक्षण, काहींना या दोन्हींसोबत गावातले स्वयंसेवक. पहिल्या गटात फरक नाही. दुसऱ्यातही सांगण्यासारखा नाही. तिसऱ्यात पोरं वाचायला लागली. नंतर हरियाणात सरकारी शिक्षकांनाच घेऊन केलं, पण दिवसातला एक ठरावीक वेळ फक्त त्या कामाला राखून ठेवला, पोरांचे गट इयत्तेप्रमाणे न करता त्यांना जे येतं त्याप्रमाणे केले, आणि केंद्रावरची माणसं वर्गात येऊन मदत करायला लागली, तेव्हा वाचनात फरक दिसला. म्हणजे साहित्याला वेळ लागतो आणि शिकवणाऱ्याला पाठीशी कुणीतरी लागतं. आमच्याकडे प्रशिक्षण म्हणजे हॉलमध्ये दोनशे जण, पुढं स्लाइड, मागं डुलक्या, आणि शेवटी सहीचा कागद. त्यापेक्षा शेजारच्या शाळेतल्या मास्तरानं येऊन एक तास माझा वर्ग बघितला तर मला जास्त कळतं.

वापरायच्या बाबतीत माझं एक ठाम मत आहे, पटलं तर घ्या. पान वर्गात न्यायच्या आधी स्वतः सोडवा, पेन्सिल घेऊन, चौथीचं असलं तरी. केळीच्या फणीचं गणित स्वतः सोडवलं तरच लक्षात येतं की पोरगं ‘तीन’ म्हणणार आहे, आणि मग तेव्हा काय विचारायचं ते आधीच ठरवता येतं, की बाबा रे, या तीनला पाऊण म्हणतोस तर उरलेली नऊ केळी म्हणजे पाव का? एवढ्यानंच अर्धा वर्ग हसतो आणि उरलेला विचारात पडतो. जे आधी सोडवत नाहीत ते अवघड गणित आलं की ‘हे परीक्षेला नाही’ म्हणून उडवतात, आणि नेमकं तेच गणित निष्पत्तीला धरून असतं, उरतात ती रंगवायची वर्तुळं. बदल करायचाच तर आधार वाढवा, खडे द्या, चिंचोके द्या, जोडीनं बसवा, बारा ऐवजी आधी आठ केळी घ्या, पण पोराच्या वाट्याचा विचार आपण करून देऊ नका.

दुसरं, भेसळ. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज पीडीएफ येतात, कुणाची वर्कशीट, कुणाचा तक्ता, कुणाची ‘शंभर टक्के निपुण’ची तयारी. एखादं चांगलंही असतं. पण सोमवारी एकाचं, मंगळवारी दुसऱ्याचं असं केलं की क्रमच मोडतो, एका कागदात हातचा काड्यांच्या गठ्ठ्यांनी समजावलाय, दुसऱ्यात नुसता वर एक लिहायचा, पोरगं दोन्हींच्या मधे. त्यापेक्षा मध्यम का असेना, एक साहित्य वर्षभर नीट चालवा. दोन शिक्षकी शाळेत, जिथं एकच मास्तर दोन-दोन वर्ग सांभाळतो, तिथं तर दुसरा पर्यायच नाही, तिथं असं साहित्य बघायचं की ज्याची सूचना पोरगं स्वतः वाचून पुढं जाऊ शकेल. पुस्तकातच वहीची कोरी पानं जोडायचा प्रयोग राज्यानं २०२३-२४ ला केला आणि २०२५-२६ पासून बंदही केला, त्यात फार शिरत नाही, पण कोरं पान आपोआप भरत नाही हे त्यातून सगळ्यांनीच बघितलं.

पुस्तकातले क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा ॲपवर जातात, तिथं बरंच काही आहे, पण तोरणमाळच्या बाजूला रेंज कुठं असते, तेव्हा तालुक्याच्या गटसाधन केंद्रावर गेलात की लागणारे व्हिडिओ डाउनलोड करून घ्या.

पालकांसाठी शेवटी एवढं. आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तकं सरकारी आणि अनुदानित शाळांत फुकट मिळतात, त्यामुळे शाळेनं वरून वही घ्यायला सांगितली तर समितीच्या बैठकीत विचारा की पुस्तकात नसलेलं असं यात काय आहे, कोणती निष्पत्ती, कोणत्या पानावर. पान दाखवता आलं तर घ्या. आणि दिवाळीच्या आधी पोराची वही उघडून एकच बघा, उत्तरं सगळ्या वर्गाची शब्दाला शब्द सारखी आहेत का. सारखी असली तर ती फळ्यावरून नाहीतर गाईडमधून उतरवलेली आहेत, मग वही कितीची होती नि कुणी छापली याला अर्थ नाही. वेगवेगळी असली, त्यात दोन-चार खोडलेली, चुकून परत केलेली असली, तर पैसे कामी लागले.